निगेटिव्ह मार्किंग: प्रश्न सोडायचा की उत्तर द्यायचं, हे आधी वहीत ठरवा

परीक्षेच्या दिवशी डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या कदंब बसमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं. आई किंवा बाबा शेजारी बसलेल्या मुलाला सांगत असतात, "येत नसेल तर सोडून दे हां, मायनस आहे, चुकलं तर गुण कापतात." परतीच्या बसमध्ये दुसराच कोणी सांगत असतो, "मी एकही सोडला नाही, सगळे ठोकले." मी या दोन्ही सल्ल्यांप्रमाणे एकेक परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा चुकले.

पहिल्यांदा कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेला, म्हणजे एसएससी सीजीएलला बसले तेव्हा घरच्यांचं ऐकून १०० पैकी ३२ प्रश्न कोरे सोडले. सोडवलेल्या ६८ पैकी ५७ बरोबर आले. बरोबरला २ आणि चुकीला अर्धा गुण वजा, म्हणून ११४ मिळाले, साडेपाच कापले गेले, हाती १०८.५. कटऑफ, म्हणजे पुढे जायला लागणारे किमान गुण, सातने हुकला. सोडलेल्या ३२ पैकी १८ प्रश्नांत मी दोन पर्यायांपर्यंत येऊन थांबले होते. त्यातले निम्मे बरोबर आले असते तरी १३.५ गुण वाढले असते.

मग एका शिकवणीतल्या सरांनी सांगितलं, घाबरायचं नाही, पेपर भरून यायचं. त्या बळावर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत ९६ प्रश्नांना उत्तरं दिली. त्यातले ५१ निव्वळ अंदाजपंचे होते. त्यांपैकी ११ बरोबर आले. २२ गुण मिळाले आणि २६.६७ गेले. ती परीक्षा मी तशीही पास झाले नसते, माझा अभ्यासच कमी होता. पण एक्कावन्न प्रश्नांवर घालवलेला वेळ आणि वर पावणेपाच गुणांचा तोटा मनाला लागला.

आपल्याकडे बहुतेकांना ही गोष्ट उशिरा कळते, कारण बोर्डाच्या परीक्षेची सवय उलटी असते. कोऱ्या जागेला शून्य, म्हणून काहीतरी लिहून ये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बारावीनंतर अचानक चुकीला दंड सुरू होतो आणि त्याचा हिशेब कोणी समजावून सांगत नाही. तो हिशेब सहावी-सातवीच्या गणिताएवढा आहे.

१. आधी हे साहित्य जमवा

- त्या परीक्षेची चालू वर्षाची जाहिरात किंवा माहितीपुस्तिका, पूर्ण. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला गोषवारा चालणार नाही.
- मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अधिकृत उत्तरतालिका.
- परीक्षा कागदावर असेल तर ओएमआर उत्तरपत्रिकेच्या (जिच्यावर उत्तराचा गोल रंगवायचा असतो) पंधरा-वीस कोऱ्या प्रती आणि काळं बॉलपेन.
- दोनशे पानी रेघांची वही. हिचं काम चौथ्या पायरीत आहे आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच.
- घड्याळ. मोबाइलचं नको, तो बाजूला ठेवा.

बसायला शांत जागा हवी असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. घरात सलग दोन तास मिळत नसतील तर सराव पेपर तिथेच सोडवा.

२. दंड किती, ते जाहिरातीतून उतरवून घ्या

प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा असतो. वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: बरोबर उत्तराला किती, चुकीला किती कापतात, पर्याय किती, आणि कोऱ्या प्रश्नाला काय. गोव्यातली मुलं ज्या परीक्षांना जास्त बसतात त्यातल्या काहींचे नियम असे आहेत:

- यूपीएससी पूर्वपरीक्षा, सामान्य अध्ययन: १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला एक तृतीयांश, म्हणजे ०.६६ वजा.
- नीट (वैद्यकीय प्रवेश): बरोबरला ४, चुकीला १ वजा. जेईई मेनच्या (अभियांत्रिकी प्रवेश) पर्यायी प्रश्नांनाही हेच.
- एसएससी सीजीएल, पहिला टप्पा: बरोबरला २, चुकीला अर्धा गुण वजा.
- आयबीपीएस पीओ (बँक अधिकारी भरती) पूर्वपरीक्षा: चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश वजा, पण पर्याय पाच.
- एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा): दंड नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

एसएससीच्या मल्टी टास्किंग स्टाफ परीक्षेकडे खास लक्ष द्या. ती मराठीतून आणि कोकणीतूनही देता येते, त्यामुळे आपल्याकडून बरेच जण बसतात. तिच्या पहिल्या सत्रात चुकीला दंडच नाही. दुसऱ्या सत्रात बरोबरला ३ आणि चुकीला १ वजा. एकाच दिवशी, एकाच खुर्चीत बसून दोन वेगळे नियम पाळायचे आहेत. पहिल्या सत्रात प्रश्न सोडणं म्हणजे फुकटचे गुण टाकून येणं, तरीही भीतीपोटी सोडून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

इथे आणखी एक सापळा आहे. आपण मराठीतून अभ्यास करणारे लोक पुण्याची पुस्तकं वाचतो, पुण्यातल्या शिक्षकांचे व्हिडिओ पाहतो. ते बहुतेक महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी, म्हणजे एमपीएससीसाठी बोलत असतात आणि एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दंड एक चतुर्थांश आहे. यूपीएससीत एक तृतीयांश. तिथला "थोडं धाडस करा" हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. गोवा लोकसेवा आयोग किंवा गोवा कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली की गुणदान योजना दर वेळी नव्याने वाचा. गेल्या वेळी शेजारच्या दादाने काय केलं त्यावर जाऊ नका.

३. एका चुकीची खरी किंमत काढा

नीटची तयारी करणारी मुलं म्हणतात, "एक चुकलं की पाच गेले." हे अर्धंच खरं आहे. येत असलेला प्रश्न घाईत चुकला तर चार मिळायचे राहिले आणि एक कापला गेला, म्हणजे पाचचा फरक. पण जो प्रश्न मुळात येतच नव्हता तो कोरा ठेवला असता तर शून्य मिळालं असतं. तिथे चुकीची किंमत एकच गुण. पाचची भीती येत असलेल्या प्रश्नांसाठी ठेवा, म्हणजे ते दोनदा वाचाल. येत नसलेल्या प्रश्नासमोर एकचाच विचार करा.

आता मुख्य हिशेब. दंड एक तृतीयांश असेल तर तीन चुका मिळून एक बरोबर उत्तर खातात. म्हणजे अंदाजाने दिलेल्या चार उत्तरांत एक बरोबर आलं तर ना नफा ना तोटा. दंड एक चतुर्थांश असेल तर चार चुका एक बरोबर खातात, म्हणून पाचांत एक बरोबर यायला हवं. या दोन ओळी पाठ करा: तृतीयांशाला चारांत एक, चतुर्थांशाला पाचांत एक. बरेच जण दंड "एक चतुर्थांश" आहे म्हणून चारांत एक धरतात. तसं नाही, एक पुढे जायचं.

चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून बोट ठेवलं तर चारांत एकदा बरोबर येणार. याचा अर्थ यूपीएससीत निव्वळ ठोकण्याची सरासरी बरोबर शून्य. नीट आणि सीजीएलमध्ये मात्र दंड एक चतुर्थांशच असल्याने सरासरी थोडीशी फायद्यात जाते: नीटमध्ये प्रश्नामागे पाव गुण, सीजीएलमध्ये गुणाचा आठवा हिस्सा. आयबीपीएसमध्ये पर्याय पाच, म्हणून तिथे पुन्हा शून्य.

एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं की चित्र पालटतं. यूपीएससीत तीन पर्याय उरले तर प्रश्नामागे सरासरी ०.२२ फायदा, दोन उरले तर ०.६७. नीटमध्ये हेच आकडे ०.६७ आणि १.५. सीजीएलमध्ये ०.३३ आणि ०.७५. दोन पर्यायांवर आलेला प्रश्न सोडून देणं या तिन्ही परीक्षांत तोट्याचं आहे. मी पहिल्या वेळी नेमकं तेच केलं होतं.

पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. यूपीएससीत शंभर उमेदवारांनी प्रत्येकी वीस प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर साधारण बावीस जणांचे पाचपेक्षा जास्त गुण जातील आणि साधारण एकवीस जणांना पाचपेक्षा जास्त मिळतील. सर्वसाधारण गटाचा कटऑफ २०२० मध्ये ९२.५१ होता, २०२३ मध्ये ७५.४१, २०२४ मध्ये ८७.९८. अशा परीक्षेत पाच गुण इकडे-तिकडे म्हणजे निकालच बदलला. म्हणून माझं मत असं: सराव पेपरांत तुम्ही सातत्याने कटऑफच्या वर असाल तर शून्य सरासरीचे प्रश्न सोडा, उगाच हातचं कशाला पणाला लावायचं? थोडेसे खालीच राहत असाल तर ते प्रश्न घ्यायला हरकत नाही. सरासरीत काही जात नाही आणि वर जाण्याची वाट उघडी राहते.

४. शंकेची वही

वरचे सगळे आकडे एक गोष्ट गृहीत धरतात: दोन पर्याय उरले की निम्म्या वेळा तुम्ही बरोबर असता. प्रत्यक्षात तसं असेलच असं नाही. प्रश्न काढणारी माणसं अनुभवी असतात, अर्धवट अभ्यास केलेल्याला खरा वाटेल असा पर्याय ती मुद्दाम घालतात. त्या आमिषाला तुम्ही कितीदा फसता, हे कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. ते मोजावं लागतं.

मोजायचं असं. सराव पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नाशेजारी एक आकडा लिहा. १ म्हणजे उत्तर खात्रीने येतं. २ म्हणजे दोन पर्यायांत अडकले. ३ म्हणजे एकच पर्याय उडवता आला. ४ म्हणजे काहीच माहीत नाही. सरावात सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या, ४ आकड्याचीसुद्धा, कारण इथे गुण नाही, स्वतःला तपासायचं आहे. आकडा उत्तरतालिका बघण्याआधी लिहा. नंतर लिहिला तर मन फसवतं, "हे तर मला येत होतं" असं वाटायला लागतं.

पेपर तपासला की वहीत चार रकाने करा आणि प्रत्येक रकान्यात किती प्रश्न, किती बरोबर ते भरा. शेजारी विषय लिहा. विषय लिहायला विसरू नका.

माझ्या पहिल्या दहा पेपरांत २ आकड्याचे १४२ प्रश्न निघाले, त्यातले ८३ बरोबर. शंभरात अठ्ठावन्न, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा बरं. मी खूश झाले. मग विषयवार पाहिलं. इतिहासात ४८ पैकी ३४ बरोबर होते. पर्यावरण आणि प्राणी-वनस्पतींच्या प्रश्नांत ३६ पैकी फक्त ८. चारांत एक सुद्धा नाही! दोन पर्यायांवर येऊनही त्या विषयात मी डोळे मिटून ठोकणाऱ्यापेक्षा वाईट होते, कारण बरोबर उत्तर मी आधीच उडवून टाकत होते. ओळखीचं नाव दिसलं की ते धरायचं आणि अनोळखी नाव खोडायचं, ही माझी खोड वहीने दाखवली. तेव्हापासून पर्यावरणात २ आकड्याचा प्रश्न मी सोडू लागले आणि इतिहासात ३ आकड्याचाही घेऊ लागले.

तुमची वही वेगळंच काही सांगेल. माझ्यासोबत तयारी करणाऱ्या पेडण्याच्या मैत्रिणीचे १ आकड्याचे, म्हणजे खात्रीचे प्रश्नच शंभरात बावीस चुकत होते. तिचा आजार अंदाजाचा नव्हताच, प्रश्न अर्धवट वाचण्याचा होता. "अयोग्य विधान ओळखा" याऐवजी योग्य विधान ओळखून येत असे.

एका पेपरावरून निष्कर्ष काढू नका. पंधरा शंकांत नऊ बरोबर आले किंवा सहा आले, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकेका रकान्यात शंभराच्या आसपास प्रश्न जमले की आकडा भरवशाचा होतो. त्याला दहा-बारा पेपर लागतात, म्हणून वही परीक्षेच्या तीन महिने आधी सुरू करा.

५. पर्याय उडवताना

खात्रीने चुकीचा वाटतो तोच पर्याय उडवा. "हे कधी ऐकलं नाही" हे उडवण्याचं कारण नव्हे, ते माझ्या पर्यावरणाच्या प्रश्नांनी शिकवलं.

प्रश्नाची बांधणी पाहा. "१ आणि २ फक्त, २ आणि ३ फक्त" अशा जुन्या पद्धतीच्या प्रश्नात एक विधान चूक कळलं की बहुधा दोन पर्याय जातात. यूपीएससीत अलीकडे, विशेषतः २०२३ पासून, "वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत: फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही" असे प्रश्न बरेच येतात. इथे एक विधान चूक कळलं तर फक्त "तिन्ही" जातो, बाकी तीन तसेच उरतात. जुन्या प्रश्नांवर मिळवलेला आत्मविश्वास इथे धोक्याचा. वहीत अशा प्रश्नांचा वेगळा रकाना ठेवा.

"सगळीकडे तिसराच पर्याय लावायचा" या युक्तीने सरासरी वाढत नाही, ती डोळे मिटून ठोकण्याइतकीच राहते. आणि "पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये" हेही आंधळेपणाने पाळू नका. ठोस कारण सापडलं तर बदला, नुसती धाकधूक वाढली म्हणून बदलू नका.

६. तीन फेऱ्यांत पेपर सोडवा

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. नीटमध्ये एक मिनिट. यूपीएससीत ७२ सेकंद. अंदाज लावण्यात दोन मिनिटं गेली तर पुढचे येणारे दोन प्रश्न बुडाले, आणि ते नुकसान कुठल्याच दंडात दिसत नाही.

पहिल्या फेरीत फक्त १ आकड्याचे प्रश्न. बाकीच्यांवर २, ३, ४ लिहून पुढे चला. दुसऱ्या फेरीत २ आकड्याचे, वहीने परवानगी दिलेल्या विषयांतले. तिसऱ्या फेरीत, वेळ उरला तर, ३ आकड्याचे. ४ आकड्याच्यांचं काय करायचं ते तिसऱ्या पायरीत ठरवलेलं असेल, खोलीत बसून ठरवू नका. आयबीपीएससारख्या परीक्षेत प्रत्येक विभागाला वेगळा वेळ असतो, तिथे या तिन्ही फेऱ्या त्या त्या विभागातच पूर्ण करा.

फक्त पात्रतेच्या पेपरचा हिशेब निराळा. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा आणि २०० पैकी ६६ मिळाले की झालं. ३२ बरोबर आणि १५ चूक असे असले तरी साडेसदुसष्ट होतात. तेहतीस प्रश्न कोरे राहिले तरी चालतं! खात्रीचे चाळीसेक झाले असतील तर हात आवरा आणि तेच पुन्हा तपासा.

७. परीक्षेच्या खोलीत

यूपीएससीच्या ओएमआरवर एका प्रश्नाला दोन गोल रंगवले तर एक बरोबर असला तरी उत्तर चूक धरतात आणि दंडही लागतो. शाईने रंगवलेला गोल परत घेता येत नाही. म्हणून निर्णय प्रश्नपत्रिकेवर घ्या, मगच गोल रंगवा. प्रश्न सोडला की ओएमआरवरचा तो क्रमांकही सोडलाय ना, हे दर दहा प्रश्नांनी पाहा. एक ओळ सरकली तर येणारे प्रश्नही दंडात जातात. पूर्वपरीक्षा जूनच्या पावसात आली तर कोरडा हातरुमाल जवळ ठेवा, ओल्या हाताने कागद खराब होतो.

संगणकावरच्या परीक्षेत सापळा वेगळा. जेईई मेनमध्ये उत्तर निवडून "पुनर्विचारासाठी" खूण केली तरी ते उत्तर तपासलं जातं. तात्पुरतं म्हणून निवडलेला पर्याय तसाच राहिला तर त्याला दंड लागतो. सोडायचा असेल तर निवड पुसणारं बटण दाबा. शेवटची पाच मिनिटं याच कामासाठी ठेवा.

यूपीएससीची प्रश्नपत्रिका घरी नेता येते. तिच्यावर लिहिलेले १, २, ३, ४ आकडे त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. उत्तरतालिका आली की सराव पेपरांसारखेच रकाने भरा. खऱ्या परीक्षेच्या ताणाखाली तुमचे २ आकड्याचे प्रश्न किती बरोबर येतात, ते त्याच रकान्यात दिसेल. पुढच्या अर्जाआधी ते पान उघडा.